चेहरा नको, कागद दाखवा

घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, त्यावर लॅपटॉप, भिंतीला फायलींचं कपाट आणि दाराबाहेर नावाची पाटी. महाराष्ट्रातली कितीतरी कार्यालयं एवढ्याच भांडवलावर चालतात. करसल्लागार, वकील, विमा एजंट, भाषांतरकार, इंटिरियर डिझायनर, गाण्याचे क्लास घेणारे, झालंच तर पत्रिका पाहणारेसुद्धा. गेल्या काही वर्षांत या मंडळींच्या हाती व्हिडिओ मीटिंगचं साधन आलं, तेही जवळजवळ फुकट. त्याचा फायदा काय असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: येणंजाणं वाचतं, पेट्रोल वाचतं. ते खोटं नाही. पण पुण्यातल्या पुण्यात कोथरूडहून हडपसरला जाणं टळलं, एवढ्यावर जमाखर्च संपवला तर मुख्य नफा वहीत चढतच नाही. माझ्या मते छोट्या कार्यालयाचा खरा नफा समोरच्याचा चेहरा दिसण्यात नसून दोघांना एकाच वेळी एकच कागद दिसण्यात आहे. आणि तो बहुतेकांनी अजून पुरता वसूल केलेला नाही.

नुसत्या चेहऱ्याला बाजारात फारसा भाव नाही, हे साठ वर्षांपूर्वीच सिद्ध झालं होतं. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात एटी अँड टी कंपनीनं ‘पिक्चरफोन’ मांडला. त्याच वर्षी न्यूयॉर्क, शिकागो आणि वॉशिंग्टन इथे त्याची सार्वजनिक केंद्रं उघडली. तीन मिनिटांच्या बोलण्याला अंतरानुसार १६ ते २७ डॉलर. लोकांनी प्रदर्शनात रांगा लावून कौतुक केलं, पण पदरचे पैसे मोडून कुणी फिरकेना. १९७० मध्ये पिट्सबर्गच्या कार्यालयांसाठी सुधारित सेवा काढली, तीही चालली नाही. फोनवर आवाज मिळतच होता; त्यात तोंड दिसण्यासाठी एवढी रक्कम मोजावी असं कुणाला वाटलं नाही.

पुढे हे प्रकरण मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत जाऊन बसलं. २००५ मध्ये एचपीनं ‘हॅलो’ नावाची सजवलेली खोली विकायला काढली, एका खोलीला साडेपाच लाख डॉलर. पुढच्याच वर्षी सिस्कोची तीन पडद्यांची टेलिप्रेझेन्स यंत्रणा आली, सुमारे तीन लाखांची, अर्थात डॉलरच. गंमत अशी की तोवर स्काइप येऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि परदेशातल्या मुलांशी आईवडील फुकटात बोलत होते. दोन्हींत फरक होता तो चित्राच्या सुबकपणाचा आणि खुर्च्यांच्या कातड्याचा.

स्वस्ताईची कारणं तांत्रिक आहेत, पण समजायला सोपी. चित्र आणि आवाज दाबून लहान करण्याचं जे काम पूर्वी खास यंत्रं करत, ते साध्या संगणकाला आणि मग मोबाइललाही जमू लागलं. २०११ मध्ये गूगलनं वेबआरटीसी हे तंत्र सर्वांना खुलं केलं, त्यामुळे वेगळं सॉफ्टवेअर न घालता ब्राउझरमधूनच बोलता येऊ लागलं. आपण लिंकवर बोट ठेवतो आणि मीटिंग उघडते, त्यामागे हे आहे. आवाजासाठी ‘ओपस’ ही पद्धत २०१२ मध्ये प्रमाण ठरली. ती कमी वेगाच्या जाळ्यावरही बोलणं समजेल इतपत टिकवते. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटाचा भाव कोसळला. उरलेलं काम टाळेबंदीनं केलं. डिसेंबर २०१९ मध्ये झूमच्या मीटिंगांत दिवसाला एक कोटी सहभागी असत, मार्च २०२० मध्ये ते वीस कोटींवर गेले. गूगलनं त्याच वर्षी मे महिन्यात मीट सर्वांना मोफत केलं. आज फुकट योजना मिळतात त्या मोठ्या कंपन्या भरत असलेल्या पैशांवर. छोट्यांनी त्याचा संकोच बाळगण्याचं कारण नाही.

आता कागदाकडे येऊ. समजा, सांगलीतल्या एका करसल्लागाराचा पक्षकार दुबईला नोकरीला आहे. जुलै अखेर जवळ आली आहे. पूर्वी काय व्हायचं? फोनवर विचारणा, मग ईमेलवर पीडीएफ, मग ‘साहेब, तो आकडा कुठला?’ असा उलट फोन, मग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, त्यात निम्मी ओळ कापलेली. आता दोघं अर्धा तास लिंकवर बसतात. सल्लागार प्राप्तिकराच्या पोर्टलवरचं एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उघडून पडद्यावर धरतो. माउसचा बाण मुदतठेवीच्या व्याजाच्या ओळीवर थांबतो. कर कापलाय दहा टक्के. म्हणजे बँकेच्या दप्तरी हा माणूस अजून इथलाच रहिवासी आहे; खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं, करून घेतलेलंच नाही. एनआरओ असतं तर कपात तीस टक्के आणि वर अधिभार-उपकर झाली असती. पक्षकाराला हे ठाऊक नव्हतं आणि त्यानं ते फोनवर कधी सांगितलंही नसतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच त्याला माहीत नव्हतं. सल्लागारानंही विचारलं नसतं. ओळ दोघांच्या डोळ्यांसमोर एकदम आली म्हणून प्रश्न सुटला. विवरणपत्राची पडताळणी करताना ओटीपीही पक्षकार स्वतःच्या हातानं टाकतो. तो फोनवर कुणाला सांगावा लागत नाही. हा फायदा मला पेट्रोलच्या बचतीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

हेच इतर धंद्यांत. नाशिकची इंटिरियर डिझायनर ओट्याची उंची, सिंकची जागा, फ्रिजचं दार कुठे उघडणार हे आराखड्यावर दाखवते आणि घरमालकीण ‘अहो, तिथे आमचं पिंप असतं’ म्हणते. एवढं एक वाक्य सुताराचे दोन दिवस वाचवतं. येवल्याचा पैठणीवाला पदराचा मोर कॅमेऱ्याजवळ नेतो, मागची बाजू उलटून दाखवतो. गिऱ्हाईक नागपूरचं असो की न्यू जर्सीचं, हातमागाची पैठणी मागूनही तेवढीच साफ दिसते हे त्याला पाहता येतं. तिथे कापड हाच कागद. भाषांतरकाराची तर कामाची रीतच बदलली: खर्डा पडद्यावर, संपादक पलीकडे, शब्दावर वाद जागच्या जागी.

वकिलांच्या बाबतीत कायद्यानं हा दरवाजा फार आधी उघडला, आणि तो महाराष्ट्राच्याच एका खटल्यात. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या प्रकरणात अमेरिकेतल्या एका डॉक्टरांची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं घेता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २००३ मध्ये दिला. न्यायालयांत त्याचा सर्रास वापर व्हायला मात्र २०२० उजाडावं लागलं. तालुक्याच्या वकिलाला रोज उपयोग होतो तो सुनावणीपेक्षाही मुंबईच्या ज्येष्ठ वकिलांबरोबरच्या चर्चेसाठी. पूर्वी तासाभराच्या चर्चेसाठी रात्रीची गाडी धरायची. आता कागदपत्रांचा गठ्ठा स्कॅन करून पाठवला आणि संध्याकाळी पान क्रमांक सांगत बसलं की भागतं.

छोट्या खासगी कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १७३ नं संचालक मंडळाची बैठक व्हिडिओवर घ्यायला मुभा दिलेली आहे, आणि असा हजर असलेला संचालक गणसंख्येत धरला जातो. लहान कंपनीला वर्षातून दोन बैठका पुरतात. एक भाऊ चाकणला, दुसरा बंगळुरूला असलेल्या घरगुती कंपन्यांना याचा उपयोग आहे, फक्त रेकॉर्डिंग आणि इतिवृत्त नीट ठेवायला हवं. डॉक्टरांसाठी मार्च २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वं आहेत: दोघांनी एकमेकांची ओळख पटवायची, आणि अमली औषधं अशा भेटीत लिहून द्यायची नाहीत. घरच्या दवाखान्यात जुन्या रुग्णाचा रिपोर्ट पाहून गोळीचं प्रमाण बदलायला ही सोय उत्तम. पोटात दुखतंय म्हणणाऱ्याचं पोट दाबून पाहावंच लागतं.

काही कामं या साधनानं होणार नाहीत. त्यात गाणं शिकवणाऱ्यांचा अनुभव सर्वांत बोलका आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो. अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं पुण्या-मुंबईच्या गुरूंकडून शिकतात, हा आता रुळलेला व्यवसाय आहे. शिष्याच्या सकाळी गुरूची संध्याकाळ; शिवाय मार्च आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं तासभर सरकतात, तेव्हा न्यूयॉर्कशी असलेला साडेनऊ तासांचा फरक साडेदहा किंवा साडेदहाचा साडेनऊ होतो आणि दर वर्षी एक तरी वर्ग चुकतो. पण ही झाली किरकोळ अडचण. मूळ अडचण प्रकाशाच्या वेगाची आहे. पुणे ते न्यूयॉर्क अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे तार अगदी सरळ रेषेत टाकली तरी एका दिशेला साठ मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागणारच. वर यंत्रांचा वेळ वेगळा. बोलताना दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर खपून जातो. लयीला मात्र तीस मिलिसेकंदसुद्धा जड जातात. त्यामुळे गुरू ठेका धरणार आणि शिष्य त्यावर गाणार, हे कितीही महागडं साधन आणलं तरी होणे नाही. जाणत्या शिक्षकांनी यावर उपाय काढलाय: तानपुरा आणि तबला शिष्याच्या बाजूला, त्याच्याच मोबाइलवर वाजतो, गुरू ऐकतो, थांबवतो, स्वतः गाऊन दाखवतो, मग पुन्हा शिष्य. एकत्र नाही, आळीपाळीनं.

दुसरा घोटाळा गोंगाट गाळणाऱ्या सोयीचा. कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा भाजीवाला, गणपतीतले ढोल हे सगळं ती गाळते, म्हणून घरच्या कार्यालयाला ती वरदान. पण तिच्या लेखी सलग वाजणारा तानपुराही गोंगाटच. शिष्य तक्रार करतो की सूर येतो आणि जातो. झूममध्ये यासाठी मूळ आवाज तसाच पाठवण्याचा पर्याय आहे, तो सुरू केला की काम भागतं. फुकट साधनाचा निम्मा फायदा अशा एखाद्या बटणात दडलेला असतो आणि ते बटण शोधायला कुणाला वेळ नसतो.

डेटाचा हिशेबही चेहऱ्याच्या विरुद्ध आणि कागदाच्या बाजूनं आहे. झूमच्या स्वतःच्या आकड्यांनुसार ७२०पी दर्जाच्या चित्राला सेकंदाला सुमारे १.२ मेगाबिट लागतात. म्हणजे तासाला ५४० एमबी जाणार आणि साधारण तेवढेच येणार. रोज दीड जीबीचा पॅक असलेल्या माणसाचा तासाभरात दोन तृतीयांश दिवस संपला. नुसत्या आवाजाला सेकंदाला ८० किलोबिट पुरतात, तासाला ३६ एमबी. आणि स्थिर कागद पडद्यावर धरायला ५० ते ७५ किलोबिट. आवाज अधिक कागद मिळून चेहऱ्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्यात भागतं. तालुक्याच्या गावी, जिथे मोबाइलच्या टॉवरवरून काम चालतं आणि वर पाठवण्याचा वेग खाली येण्याच्या वेगापेक्षा कमी असतो, तिथे कॅमेरा बंद करणं हा साधा व्यवहार आहे. त्यात कुणाचा अपमान नाही.

संशोधनाचा कलही तिकडेच. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ मीटिंगच्या थकव्याची कारणं मांडली: सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचंच तोंड समोर दिसत राहणं, हालचालीला आलेला आळा आणि खाणाखुणा समजून घेण्याचा वाढलेला ताण. चारही कारणं चेहऱ्याशी निगडित आहेत. त्यानंतरच्या वर्षी ‘नेचर’मध्ये मेलनी ब्रुक्स आणि जॉनथन लेवाव यांचा अभ्यास आला. व्हिडिओवर भेटणाऱ्या जोड्यांना समोरासमोर बसलेल्यांपेक्षा नव्या कल्पना कमी सुचल्या; मात्र सुचलेल्यांतून चांगली निवडण्यात त्या मागे नव्हत्या. छोट्या कार्यालयानं यातून घ्यायची ती साधी वाटणी: नव्या कामाची पहिली बैठक चहा पिऊन समोरासमोर, पुढचे निर्णय लिंकवर. अनोळखी पक्षकार असेल तर सुरुवातीची पाच मिनिटं चेहरा जरूर दाखवावा. विश्वास बसायला तो लागतोच.

साधन कुठलं घ्यावं, याची चर्चा लोक गरजेपेक्षा जास्त करतात. झूमची मोफत मीटिंग चाळीस मिनिटांत तुटते. मीट आणि टीम्सची दोघांहून मोठी बैठक साठ मिनिटांत. मर्यादा सगळ्यांच्या अधूनमधून बदलतात. चाळीस मिनिटांची अट मला तरी शिक्षा वाटत नाही. आपल्याकडे ‘बोलणं वाढवू नका’ हे दुसऱ्या कुणी सांगितलेलं बरं असतं. जिट्सी हा खुल्या स्रोताचा पर्याय आहे. संगणकात गती असलेला भाचा हाताशी असेल तर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतो. देशी हवं असेल तर चेन्नईच्या झोहोचं मीटिंग आहे, जिओमीट आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर बत्तीस जणांपर्यंत व्हिडिओ कॉल होतो आणि ऑगस्ट २०२३ पासून पडदाही दाखवता येतो. ज्याच्या पक्षकाराला लिंक म्हणजे काय हे समजावण्यातच दहा मिनिटं जातात, त्यानं दुसरीकडे जाऊच नये. एकाच कंपनीच्या भरवशावर बावीस वर्षांचे संपर्क ठेवू नयेत, एवढं पथ्य मात्र पाळावं. स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झालं, तेव्हा ज्यांची सगळी संपर्कयादी तिथेच होती त्यांची धावपळ उडाली.

सुरक्षिततेची बाजू झटकून टाकण्यासारखी नाही. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर केंद्रानं झूमबद्दल इशारा दिला होता. अनोळखी लोक मीटिंगांत घुसत होते. त्याच सुमारास पासवर्ड आणि प्रतीक्षाकक्ष आपोआप सुरू राहू लागले. ते बंद करू नयेत. पण आजचा मोठा धोका वेगळाच आहे. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली व्हिडिओ कॉलवर खोटे पोलीस उभे करून लोकांना लुबाडलं जातं, पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये त्याबद्दल सावध केलं. परिणामी वयस्कर पक्षकार अनोळखी लिंक पाहून बिचकतो, आणि त्याचं बरोबर आहे. म्हणून लिंक पाठवण्याआधी आपल्या नेहमीच्या नंबरवरून फोन करावा. पक्षकाराच्या संगणकाचा ताबा मागू नये. पडदा दाखवायचा तो आपला किंवा त्यानं स्वखुशीनं दाखवलेला. बँकेचं अ‍ॅप उघडायची वेळ आली तर आधी शेअरिंग थांबवायला सांगावं. रेकॉर्डिंग करायचं असेल तर विचारून करावं. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा छोट्या कार्यालयांनाही लागू होणारा आहे. कुणी फसलंच, तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवलेला बरा.

राहिलं घर. याचा भार कुणावर पडतो ते स्पष्ट बोलायला हवं. पुढच्या खोलीत मीटिंग सुरू असताना मिक्सर थांबतो, टीव्ही थांबतो, मुलाला दटावलं जातं. कार्यालयाचं भाडं वाचतं त्याची किंमत घरातली माणसं गप्प बसून चुकती करतात, आणि ही माणसं बहुधा बायका असतात. बाईचंच कार्यालय असेल तर उलटं: दार लोटलेलं असूनही ‘अगं, जिऱ्याचा डबा कुठाय?’ ऐकू येतं. मीटिंगच्या वेळा आदल्या रात्री घरात सांगणं आणि दिवसाला दोन तासांच्या वर त्या न ठेवणं, एवढी तडजोड धंद्याला परवडते.

खर्च कुठे करावा, याचं माझं मत असं. पहिला पैसा राउटरच्या छोट्या यूपीएसवर घाला. दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार तुमच्या गावाला ठरलेला असेलच, आणि राउटर बंद पडला की बाकी सगळं निरुपयोगी. दुसरा पैसा वायरच्या हेडफोनवर. चित्र अडखळलं तर लोक सांभाळून घेतात, आवाज तुटला तर फोन ठेवतात. महागडा कॅमेरा आणि गोल दिवा सध्या राहू द्या. सशुल्क योजना घ्यायचीच असेल तर एकाच यजमानासाठी घ्या, कारण लिंकवर येणाऱ्या बाकीच्यांना काहीच भरावं लागत नाही. आणि बिलात १८ टक्के जीएसटी असतो, तुमची नोंदणी असेल तर त्याची वजावट घ्यायला विसरू नका. पुढच्या मीटिंगचं आमंत्रण पाठवाल तेव्हा ज्या कागदावर बोलायचंय तो त्याच्यासोबतच, आदल्या दिवशी पाठवा.